प्रकल्प नोंदी: गणपतीचं जेवण, एकाच पंगतीत

3 ऑगस्ट 2025, रविवार

यंदा गणपती 27 ऑगस्टला, बुधवारी. आमच्याकडे ठाण्यात पाचपाखाडीला दीड दिवसाचा असतो. पहिल्या दिवशी दुपारी जेवायला आम्ही 18 जण: घरचे पाच, कळव्याचे काका-काकू, त्यांची दोन मुलं आणि आजी, डोंबिवलीची आत्या, आतोबा, आत्तेभाऊ आणि वहिनी, ऐरोलीहून ताई, भावजी आणि भाची, शिवाय मावशी. नोंदी इथेच ठेवतोय म्हणजे घरातल्या सगळ्यांना बघता येतील आणि कोणाला काही सुचलं तर खाली लिहिता येईल.

उद्दिष्ट एकच आहे. सगळ्यांनी एकाच वेळी जेवायला बसायचं, आणि सगळ्यांनी म्हणजे आई, काकू आणि बायकोसकट.

आत्तापर्यंत काय होतं ते लिहून ठेवतो. आरती झाली की पहिली पंगत मुलं आणि पुरुष, मग दुसरी आत्या-मावशी-ताई, आणि ज्यांनी पहाटेपासून केलं त्या तिघी शेवटी साडेतीनच्या सुमारास ओट्याला टेकून. आदल्या दिवशी हरतालिका असते, आईचा कडक उपास, म्हणजे पोटात अन्न जायला दीड दिवस उलटून जातो, आणि तोवर मोदक गार झालेले, वरणावर साय धरलेली, अळू आटलेलं. हे मी लहानपणापासून बघत आलोय. वाढणाऱ्याचं पोट बघूनच भरतं असं आपल्याकडे म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, पोट जेवूनच भरतं.

9 ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा. राखीसाठी ताई आली होती, नारळीभात झाला, तेव्हाच विषय काढला. ताई लगेच हो म्हणाली. आई नाही म्हणाली.

आईचं म्हणणं नीट लिहून ठेवतो कारण त्यात अर्थ आहे. ती म्हणाली, "अरे मला बसायला काय जातंय, पण मोदक वाफेवरून थेट पानात पडला पाहिजे. फोडला की तूप आत उतरलं पाहिजे. मी बसले तर तो आणणार कोण? आणि पुऱ्या तळणार कोण?" म्हणजे तिचा विरोध बसण्याला नाहीये, जेवण बिघडण्याला आहे. हे कळल्यावर मला बरंच सोपं वाटायला लागलं, कारण मग हा प्रश्न मानाचा किंवा रीतीचा राहत नाही, गरम पदार्थ कुठल्या मिनिटाला कुठे असणार एवढाच उरतो आणि तो सोडवता येतो.

बाबा म्हणाले केळीची पानं मी आणतो, बाकी मला विचारू नका. नारळ खोवायला पण विचारणार आहे.

15 ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी होती, मोदकांची चाचणी घेतली. आईला अंदाजाने करू दिलं आणि मी प्रत्येक वाटी आधी काट्यावर ठेवली, तिच्या हाताला कुठेही अडवलं नाही. तिच्या वाटीत तांदळाची पिठी 150 ग्रॅम बसते. आंबेमोहोर धुऊन सावलीत वाळवून दळून आणलेला. जेवढी पिठी तेवढंच पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप, उकळी आली की पिठी घालून उलथण्याच्या दांड्याने ढवळायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ, आणि गरम असतानाच परातीत तेल-पाण्याच्या हाताने मळायचं. एका वाटीत 11-12 मोदक होतात. सारणाला दोन वाट्या ओलं खोबरं तर एक वाटी चिरलेला गूळ. मध्यम नारळात साधारण 15 मोदकांचं सारण निघतं.

तिची पारी बघायला मी मुद्दाम समोर स्टूल घेऊन बसलो. डाव्या तळव्यावर उकडीची वाटी फिरत राहते, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं कडेला चिमटा घेतात आणि वर ओढतात, चिमटा घेताना बोट किंचित आत वळवते म्हणून कळी तळापासून सुरू होते, आमच्या कळ्या वरच्या काठावरच राहतात आणि वाफेत पसरतात. मधेच बोटं तेल-पाण्यात बुडवते ते न बघता. सगळ्या कळ्या एकत्र आल्या की टोक पिळून जास्तीची उकड खुडून परत परातीत टाकते.

आता मुद्दा. आधी करून ठेवायचे तर कसे? दोन पद्धती करून बघितल्या. पहिली, पूर्ण उकडून फ्रीजमध्ये, मग परत पाच मिनिटं वाफ. गार झाल्यावर तांदळातलं स्टार्च घट्ट होतं म्हणून मोदक कडक होतो, परत वाफ दिली की मऊ पडतो खरा, पण कळ्यांना चिरा गेल्या आणि दोन-तीन फुटून गूळ खाली गळला. दुसरी, वळून कच्चेच ताटात ठेवायचे, वर ओलं मलमलचं फडकं, आणि ऐनवेळी 12 मिनिटं उकडायचे. तीन तासांनी उकडले तरी ताज्यासारखेच निघाले, फक्त फडकं सुकू द्यायचं नाही. आईने एक फोडला, बोटाने दाबून बघितला आणि म्हणाली, "हे चालेल." तिच्याकडून एवढं पुरे आहे.

सारण दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये चालतं, हे तिला आधीच माहीत होतं.

17 ऑगस्ट, रविवार

जागा. गणपती आतल्या खोलीत बसतो त्यामुळे हॉल मोकळा आहे, सोफा दुसऱ्या बेडरूममध्ये गेला की 10 बाय 17 फूट मिळतात. मांडी घालून बसलेल्या माणसाला रुंदीला दोन फूट लागतात, बसायला अडीच आणि पानाला दीड असे खोलीला चार. समोरासमोर दोन रांगा म्हणजे आठ फूट, मधे दोन फुटांची वाट उरते. प्रत्येक रांगेत सात, 14 जण खाली. राहिले आजी, मावशी, आतोबा आणि बाबा, चौघांच्याही गुडघ्यांचा प्रश्न आहे, त्यांना खिडकीजवळ अरुंद घडीचं टेबल. आधी टेबल स्वयंपाकघरात ठेवायचं ठरत होतं, ते मी काढून टाकलं. आजीला पंगतीबाहेर बसवून एकच पंगत म्हणण्यात काही अर्थ नाही. टेबल पंगतीच्या टोकाला, तोंड सगळ्यांकडे.

वीज आणि गॅस. आमची शेगडी दोन बर्नरची. काकूची इंडक्शन येणार आहे, ती 2000 वॅटची म्हणजे जवळपास नऊ अँपिअर खेचते, साध्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर लावायची नाही, मायक्रोवेव्हचा 16 अँपिअरचा पॉइंट आहे तिथेच लावायची. आमचं जुनं मोदकपात्र अॅल्युमिनियमचं आहे, ते इंडक्शनवर तापतच नाही, त्यामुळे ते गॅसवर आणि काकूचं स्टीलचं इंडक्शनवर. फ्रीजचं लोहचुंबक तिच्या भांड्याच्या बुडाला चिकटतंय ना ते तिने फोनवर बघून सांगितलं, चिकटतंय. दोन्ही मिळून एका वेळी 60 मोदक बसतात.

19 ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस नुसता कोसळतोय, ट्रेनचे हाल, घरूनच काम. दुपारी फॅमिली ग्रुपवर मेनू टाकला.

वरणभात, मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, ओल्या नारळाची चटणी, लिंबू, मठ्ठा, मोदक. पुऱ्या काढल्या. पुरी कढईतून आली की पाच मिनिटांत बसते, म्हणजे ती ठेवायची तर कोणीतरी कढईपाशी उभं राहणार आणि मग सगळंच मुसळ केरात. काकांचा लगेच फोन, पुरीशिवाय सण कसला. त्यावर आत्याने तोडगा काढला, तिखटमिठाच्या पुऱ्या करा, त्या गारच चांगल्या लागतात, प्रवासाला नेतो त्याच की. सकाळी सातला तळून डब्यात. काका खूश, आणि हे मला सुचलं नसतं.

मसालेभात आदल्या रात्री करून ठेवूया असं एकाने सुचवलं, त्याला मी नाही म्हटलंय. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं एक विष परत गरम करूनही जात नाही. 18 माणसं, त्यात आजी 84 वर्षांची. भात त्याच दिवशी सकाळी, आणि झाकण लावून वाफाळता ठेवायचा.

24 ऑगस्ट, रविवार

जांभळी नाक्याला सकाळी सहालाच गेलो, बाबा आणि मी, तरी पाय ठेवायला जागा नाही. नारळ यंदा फारच महाग झालेत. सहा मोदकांना, दोन चटणी-भाज्यांना, दोन पूजेला. प्रत्येक कानाशी हलवून घेतला, बाबा तर नखाने टिचकी मारून आवाज ऐकतात. गूळ दीड किलो, सारणाला सव्वा लागेल. आंबेमोहोर घरात आहे.

अळू मंगळवारी घ्यायचं ठरलंय. स्टेशनजवळ येऊरच्या बायका बसतात त्यांच्याकडे मिळतं, पावसाळाभर करटोली, टाकळा, भारंगी त्याच आणतात. भाजीचं अळू फिक्या हिरव्या देठाचं घ्यायचं, काळपट देठाचं वडीला. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात म्हणून घसा खाजतो, चिंच घालून पूर्ण मऊ शिजवल्याशिवाय उतरवायचं नाही.

कामं वाटून दिली. नारळ खोवणं बाबा आणि भावजी, पानं धुऊन पुसणं मुलं, पानावरची डावी-उजवी बाजू आत्या आणि ताई, भांडी आत्तेभाऊ आणि मी. मोदक वळणं आई, काकू, बायको आणि वहिनी, आणि मी पण शिकतोय.

26 ऑगस्ट, मंगळवार, हरतालिका

आईचा उपास. बायको आणि काकू फलाहार करतात, आई पाणी सोडून काही घेत नाही. म्हणून आज तिला ओट्याजवळ येऊ द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, ती आली, पण बसूनच गूळ चिरला.

संध्याकाळी सारण झालं. जायफळ किती ते आईने डोळ्यानेच सांगितलं, वेलची बायकोने कुटली. अळू चिरून, चणाडाळ आणि दाणे भिजत टाकून ठेवलेत. गणपती सातला आणला, आणताना पावसाने उघडीप दिली. सोफा हलवला. केळीची पानं बादलीत उभी करून ठेवलीत.

27 ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

आजची नोंद रात्री लिहितोय आणि जरा सविस्तर लिहितोय.

पाचला उठलो. सातपर्यंत पुऱ्या तळून डब्यात, अळू शिजून फोडणी पडून तयार, पंचामृत झालं. आठला उकड. चार जणी आणि मी परातीभोवती. माझे मोदक वाकडे झाले पण फुटले नाहीत, ते काकूने बाजूला ठेवले, नैवेद्याला घेतले नाहीत. साडेदहाला नैवेद्याचे 21 आणि पंगतीचे 60 ओल्या फडक्याखाली. मसालेभात आणि वरण अकरानंतर.

पूजा मध्यान्हीची. नैवेद्याचे 21 आधी उकडून घेतले, पान वाढलं, दाखवला. मग आरत्या. आमच्याकडे आरत्या, मंत्रपुष्पांजली धरून अर्धा तास जातो, काकांना एकही गाळलेली चालत नाही. मंत्रपुष्पांजली सुरू व्हायच्या जरा आधी बायको बाहेर सटकली, दोन्ही पात्रांत पाणी उकळतच होतं, 60 मोदक हळदीच्या पानांवर ठेवून झाकणं लावली आणि परत येऊन टाळ्यांना उभी राहिली. तीर्थप्रसाद वाटून होईपर्यंत 12 मिनिटं झाली. गॅस बंद, झाकण तसंच.

तोवर आत्या आणि ताईने पानं मांडली होती. वर मधे मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत, उजवीकडे बटाटा, आणि अळू द्रोणात. जे गार चालतं ते सगळं आधीच पानात. गरम जे आहे, वरण, भात, मसालेभात, तूप, ते दर चार माणसांमागे झाकणाच्या डब्यांत रांगेच्या मधे. वाढपी कोणीच नाही, ज्याच्या हाताशी डबा त्याने शेजाऱ्याला वाढायचं.

आणि मोदकपात्रं स्वयंपाकघरात ठेवलीच नाहीत. आईला वाफेवरून पानात हवं होतं ना, मग वाफच हॉलमध्ये आणली. आत्तेभावाने आणि मी दोन्ही पात्रं फडक्याने धरून आणली, पंगतीच्या तोंडाशी पाटांवर ठेवली, आणि शेवटची दोन पानं आम्हा दोघांची. आई काकूच्या आणि आत्याच्या मधे बसली. दीड वाजला होता. 18 पानं, 18 माणसं, श्लोक म्हटला आणि एकदम हात पानाला लागले, असं आमच्या घरात मी कधी बघितलं नव्हतं.

आई सवयीने उठायला बघत होती. मीठ कमी पडेल, मठ्ठा फ्रीजमध्येच आहे, पापड राहिला. आजी टेबलावरून म्हणाली, "बस गं, 40 वर्षं उभी आहेस." मठ्ठा भाचीने आणला.

पहिला भात झाला आणि झाकण उघडलं. हळदीच्या पानाचा वास अख्ख्या हॉलभर. पात्रातून हाताने नाही, पाण्यात बुडवलेल्या डावाने एकेक उचलत रांगेतून पुढे सरकवले, प्रत्येकाने आधी शेजाऱ्याच्या पानात ठेवायचा. आईच्या पानात काकूने ठेवला. आईने टोक मोडलं, आतून वाफ आली, आतोबांनी टेबलावरून वाकून तिच्या मोदकावर तुपाची धार धरली, ती नको नको म्हणतेय आणि ते थांबतच नाहीत.

मग तिने खाल्ला आणि काय म्हणाली तर, "जायफळ जास्त झालंय."

सगळे म्हणाले नाही गं, उत्तम झालंय. पण ती बरोबर होती, मला पण लागलं. आणि तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली जी इतक्या वर्षांत आली नव्हती. नैवेद्याचं सारण चाखायचं नसतं. म्हणजे करताना ती चव घेत नाही, आणि खायला मिळायचा तो दोन तासांनी गार झालेला, गार सारणात जायफळ दबतं, वेलची दबते, गूळच तेवढा पुढे येतो. ती दर वर्षी त्या गार मोदकावरून पुढच्या वर्षीचं प्रमाण ठरवत होती आणि आम्ही गरम खाणारे नुसतं छान छान म्हणत होतो. जिच्या हातचा मोदक अख्ख्या नात्यात नावाजलेला, तिला तो आपल्यासारखा कसा लागतो हे ठाऊकच नव्हतं. मला हे फार लागलं. पंगतीत बोललो नाही, इथे लिहून ठेवतोय.

जायफळाचं प्रमाण बदललंय, सहा नारळांना अर्ध्याच्या जागी पाव. तिने स्वतः सांगितलं.

काय नीट झालं नाही: उजव्या रांगेच्या टोकाला काका, भावजी आणि चुलतभाऊ एकाच डब्यावर, तिथला मसालेभात लगेच संपला आणि डावीकडे अर्धा डबा तसाच. त्या टोकाला दोन डबे हवेत. लहान मुलांना एवढा वेळ बसवत नाही, जेवण तासभर चाललं कारण घाई करणारं कोणी उभं नव्हतं, त्यांना मोदक झाल्यावर उठायला मोकळीक द्यावी. इंडक्शनच्या जागेमुळे मायक्रोवेव्ह खाली ठेवावा लागला, पायात येत होता.

अडीचला सगळी उठली. भांडी आत्तेभाऊ, भावजी आणि मी. आई तीन वाजता झोपली होती, दुपारी, गणपतीच्या दिवशी.

28 ऑगस्ट, गुरुवार, ऋषिपंचमी

आज फक्त भाजी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, परसातल्या भाज्या: अळू, लाल माठ आणि त्याचे देठ, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, सुरण, कच्ची केळी, मक्याच्या कणसाचे तुकडे. फोडणी नाही, मोहरी नाही, हिंग नाही. हिरवी मिरची, मीठ, चिंचेचा कोळ आणि वरून ओलं खोबरं. सुरण तळाशी, त्यावर देठ, पानं सगळ्यात वर, त्यांच्याच पाण्यात मंद शिजते. एकाच भांड्याचं जेवण असल्यामुळे एकत्र बसायला काहीच जुळवावं लागलं नाही, घरचे पाच आणि रात्री राहिलेली ताई, वाडगे घेऊन बसलो. मला ही भाजी मोदकापेक्षा जास्त आवडते.

संध्याकाळी वाटली डाळ करून महापालिकेच्या कृत्रिम तलावात विसर्जन. आई पण आली, एरवी आवरण्यासाठी घरी राहते.

31 ऑगस्ट, रविवार

ग्रुपवर ज्यांनी जे कळवलं ते जोडतोय.

काकू: इंडक्शनवरचं पात्र लवकर उकळतं, त्यातले मोदक दोन मिनिटं आधी उतरवायला हवे होते, तळाचे जरा ओलसर झाले. नोंदवलं.

आत्या: पानं मांडायला दोघी कमी पडतात, तिसरी हवी. आणि पंचामृत डावीकडे कोशिंबिरीच्या आत नको, पातळ आहे, वाहतं, द्रोण द्या.

आतोबा: टेबल एक फूट पुढे घ्या, पुढच्या वर्षी वाकायला जमेल का माहीत नाही.

आई: माझं पान काकूच्या बाजूलाच, पण दाराकडे तोंड करून नको, माणसं दिसायला हवीत.

2026 ला गणपती 14 सप्टेंबरला, सोमवारी. त्याआधी 23 ऑक्टोबरला भाऊबीज आत्याकडे डोंबिवलीला, तिचा हॉल आमच्यापेक्षा अरुंद आहे आणि तिला बासुंदी-पुरी करायची आहे, ताज्याच पुऱ्या, गार चालणार नाहीत म्हणाली. दहा-दहा मिनिटांनी कढईजवळचा माणूस बदलायचा असं वहिनीने सुचवलंय, त्यात मी, आत्तेभाऊ, भावजी आणि काका. काकांना पुरी लाटता येत नाही, पण तळता येते, ते हो म्हणालेत. आत्याने हॉलची मापं पाठवलीत, आज रात्री बघतो.